ज्याचा डोंगर, त्याचे मत
चाहत्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

राजमाचीला जाणारी एक वाट लोणावळ्याहून तुंगार्ली आणि वळवण धरणाच्या बाजूने निघते. पंधरा-सोळा किलोमीटरच्या या वाटेवर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले पाहायला निघालेले लोक असतात, पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला निघालेले असतात, आणि गेली कित्येक वर्षे त्यांच्यात आणखी एक वाटसरू मिसळलेला असतो : गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ वाचून आलेला वाचक. मुंबई सोडून म्हातारपणी माचीवर परतलेला, झाडापाखरांच्या सोबतीने उरलेले दिवस काढणारा बुधा हा त्या कादंबरीचा नायक. या वाचकाला किल्ल्याचा इतिहास ठाऊक असेल किंवा नसेल, पण बुधाचे खोपट कुठे असावे आणि संध्याकाळी तो कोणत्या कड्याशी येऊन बसत असावा, याविषयी त्याचे पक्के मत असते. पुढे विजयदत्त यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. सुहास पळशीकर बुधा झाले. आता त्या वाचकाजवळ तीन गोष्टी आल्या : मनातला बुधा, पडद्यावरचा बुधा आणि प्रत्यक्ष पायाखालची माची. या तिन्ही एकमेकींशी ताडून पाहत तो सोबत्याशी बोलत राहतो. आपल्या अभ्यासाचा विषय म्हणजे हे बोलणे.

चित्रपट, मालिका, त्यांच्या मुळाशी असलेली पुस्तके आणि नाटके, गाणी, नट-नट्या यांच्याविषयी चाहते आपापसांत जे बोलतात ते ऐकायचे, जपून लिहून ठेवायचे आणि त्याचा अर्थ लावायचा, एवढे या क्षेत्राचे काम. त्यासाठी मोठ्या पदवीची गरज नाही. गरज आहे ती समोरच्याच्या आवडीविषयी खऱ्या आदराची. मराठीत समीक्षेची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. नाटकाला, कादंबरीला, चित्रपटाला समीक्षक काय म्हणाले ते ग्रंथालयात शोधले तर सापडते. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस काय म्हणाला ते मात्र सापडत नाही. त्याच्या नावावर एकच वाक्य जमा असते : पिक्चर चालला, किंवा पिक्चर पडला. हजारो माणसांनी घरी जाताना केलेले वादविवाद या एका क्रियापदात गाडले गेले. इसाक मुजावरांसारख्या माणसाने आयुष्यभर मराठी-हिंदी सिनेमाविषयी लिहिले, ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकांनी वाचकांची सिनेमाची भूक भागवली, म्हणून निदान पडद्याच्या अलीकडची थोडी हालचाल आपल्याला कळते. बाकी सारे बोलणे हवेत विरले.

प्रेक्षकाचे मत नोंदवण्याच्या लायकीचे नसते, अशी एक समजूत या सगळ्याच्या मागे आहे. ती चुकीची आहे, एवढे मला सुरुवातीलाच स्पष्ट म्हणायचे आहे. ज्याने एखादी मालिका वर्षभर रोज रात्री पाहिली, तिच्यातले प्रत्येक नाते ज्याला तोंडपाठ आहे, कोणत्या भागात पात्राचा स्वभाव विनाकारण बदलला हे जो तारीखवार सांगतो, त्याच्याजवळ त्या मालिकेविषयी जे ज्ञान आहे ते एका आठवड्यात परीक्षण लिहून मोकळ्या होणाऱ्या माणसाजवळ असण्याची शक्यताच नाही. समीक्षकाची दृष्टी वेगळी आणि तीही हवीच. पण चाहत्याच्या ज्ञानाला कच्चा माल समजून बाजूला ठेवणे हा आपला आळस आहे.

या क्षेत्राचे दार मी मावळातून उघडतो आहे. पुण्या-मुंबईच्या मधोमध असलेल्या या मुलखाने दोन्ही शहरांचा सिनेमा पाहिला. पुणे-लोणावळा लोकलमध्ये तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशने मागे पडत असताना काल रात्रीच्या भागावर, शुक्रवारी लागलेल्या पिक्चरवर जी चर्चा चालते, तिच्यात कारखान्यातले कामगार, कॉलेजची मुले, दूध-भाजी पोहोचवून परतणारे शेतकरी असे सगळे असतात. पण एवढेच कारण असते तर महाराष्ट्रातला कोणताही लोकलमार्ग चालला असता. मावळाची गोष्ट वेगळी आहे, कारण इथला प्रेक्षक बऱ्याचदा स्वतःच्याच मुलखाची कथा पडद्यावर पाहत असतो. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, राजमाची हे किल्ले त्याच्या गावाच्या वर उभे आहेत. ‘मावळा’ या नावाने पडद्यावर जो धावतो, लढतो, मरतो, तो आपला पूर्वज आहे असे मानणारी घरे इथे आहेत. अशा माणसाचे मत कसे तयार होते, ते कशावर टेकलेले असते, हे नीट पाहिले तर जगभरच्या अभ्यासकांनी मांडलेल्या काही कल्पना आपल्याला बदलून घ्याव्या लागतात.

त्या कल्पनांची थोडी ओळख आधी करून घेऊ. ब्रिटनमध्ये स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये असे मांडले की कार्यक्रम करणारा त्यात जो अर्थ भरतो तोच अर्थ पाहणारा काढतो असे नाही. पाहणारा तो पूर्ण मान्य करील, अर्धा मान्य करून आपल्यापुरता वाकवील, किंवा साफ नाकारील. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकथा वाचणाऱ्या सामान्य स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून दाखवले की ज्या पुस्तकांना विद्वान हलकी समजतात त्यांच्यातही चांगले-वाईट निवडण्याचे या स्त्रियांचे काटेकोर निकष असतात. मग १९९२ मध्ये हेन्री जेन्किन्स यांचे टीव्ही मालिकांच्या चाहत्यांवरचे पुस्तक आले. या क्षेत्राला स्वतःची ओळख मिळाली ती बरीचशी त्या पुस्तकामुळे. चाहता हा दुसऱ्याच्या रानात घुसून हवे ते उचलून नेणारा चोरटा शिकारी आहे, ही मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतलेली प्रतिमा जेन्किन्स यांनी प्रेमाने वापरली. रान कंपनीचे, लेखकाचे, स्टुडिओचे. चाहता त्यातून आपल्या कामाचे घेतो आणि त्यातून नवे काही घडवतो. भारतातही मोलाचे काम झाले आहे. सारा डिकी यांनी मदुराईतल्या गरीब वस्त्यांतले सिनेमाप्रेक्षक आणि त्यांची चाहता मंडळे अभ्यासली, पूर्णिमा मंकेकर यांनी दूरदर्शनच्या काळातल्या दिल्लीतल्या स्त्री-प्रेक्षकांशी दीर्घ संवाद केला, एस. व्ही. श्रीनिवास यांनी चिरंजीवीच्या चाहत्यांच्या आधारे तेलुगू सिनेमा समजावून दिला. मराठी प्रेक्षकावर असे भरघोस काम अजून व्हायचे आहे. ही पोकळी म्हणजे नव्या अभ्यासकाला उघडी पडलेली जमीन आहे.

आता जेन्किन्स यांचे ते रान मावळात आणून पाहू. गो. नी. दांडेकर, म्हणजे गोनीदा, मूळचे विदर्भातले, परतवाड्याचे. तळेगाव दाभाडे त्यांनी आपले केले आणि तिथून हा सगळा डोंगराळ मुलूख पायी तुडवून त्यावर लिहिले. पवन मावळातल्या तुंगच्या परिसराने त्यांना ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी दिली. १९६६ मध्ये अनंत ठाकूर यांनी तिच्यावर चित्रपट केला. म्हणजे कथा आधी डोंगरात होती, मग ती एका मोठ्या लेखकाने नेली, मग ती दिग्दर्शकाने नेली. राजमाचीच्या उधेवाडीत किंवा पवनेच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर रान त्याचे आहे. बाहेरून आलेले लेखक आणि दिग्दर्शक आहेत. तो चित्रपटाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या सुरात रानमालकाचा हक्क असतो. “आमच्याकडं असं बोलत न्हाईत.” “हा डोंगर इथला न्हाई.” “पावसाळ्यात या वाटेनं कुणी जात न्हाई.” अशी वाक्ये इथल्या प्रेक्षकाच्या तोंडी सहज येतात आणि ती केवळ चुका काढणारी नसतात. चित्रपट मूळ पुस्तकाला धरून आहे की नाही, हा प्रश्न पुस्तक वाचलेल्याचा. इथला माणूस त्याच्याही आधीचा प्रश्न विचारतो : हे सगळे जागेला धरून आहे का?

लिंडा हचन यांनी २००६ मध्ये रूपांतरावर लिहिताना प्रेक्षकांचे दोन गट सांगितले, मूळ कृती माहीत असलेले आणि माहीत नसलेले. ‘जैत रे जैत’चे उदाहरण घ्या. जब्बार पटेलांचा १९७७चा हा चित्रपट, त्यातले मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांचे चाहते अफाट आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी गोनीदांची मूळ कादंबरी हातातही धरलेली नाही. हचन यांची विभागणी इथपर्यंत चपखल बसते. पण ज्या ठाकर समाजाची ही कथा आहे त्यातल्या प्रेक्षकाला आपण कोणत्या गटात घालणार? कादंबरी त्याने वाचलेली नसेल, तरी मूळ त्याला माहीत आहे. त्याचे जगणेच ते मूळ आहे. हा तिसरा गट आपल्याकडे मोठा आहे. त्याच्यासाठी जागा करणे हे मराठी अभ्यासकाचे स्वतःचे योगदान ठरेल, असे मला मनापासून वाटते.

जागेला धरून मत बनवण्याची ही सवय आजकालची नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, ही झाली इतिहासाच्या पुस्तकातली माहिती. पण हा चित्रपट पाहणाऱ्यांत वारकरी होते, आणि देहूपासून भंडारा डोंगरापर्यंतचा इंद्रायणीकाठ त्यांच्या पायाखालचा होता. तुकोबा त्यांना अभंगांतून, कीर्तनांतून, घरच्या आजीकडून आधीच भेटलेले होते. पडद्यावरच्या तुकोबांना त्यांच्यासमोर परीक्षा द्यायची होती. पागनीस त्या परीक्षेत उतरले. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने लिहिला. तो इतका बेमालूम उतरला की अनेकांनी तो तुकोबांचाच मानला. गाथा तोंडपाठ असलेल्या माणसाला तो गाथेत नाही हे लगेच कळणार, आणि ज्याने गाथा ऐकूनच मनात साठवली आहे त्याला ते न कळताही तो आपला वाटणार. एका गाण्यावरून दोन भाविकांत होऊ शकणारा हा मतभेद पाठचिकित्सेचाच असतो. विद्यापीठातले लोक ते काम हस्तलिखिते समोर ठेवून करतात, वारकरी ते कानाने करतो.

प्रेक्षकाच्या मताला प्रत्यक्ष किंमत असते ते ठिकाण पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्यातच नारायणगावला जावे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे सुपारी ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारख्या थोर कलावतीचे नाव ज्या गावाशी जोडले गेले आहे तिथे हा व्यवहार होतो, आणि माझ्या मते महाराष्ट्रातली रसिकतेची सर्वांत गंभीर चर्चा तिथेच होते. कमिटीवाल्यांना गावाला जाब द्यायचा असतो. मागच्या वर्षी कोणत्या फडाची गवळण रंगली, कोणाचा वग मध्येच ढिला पडला, कोणाचा सोंगाड्या गावाला आवडला, कोणी वेळ भरून काढली, हे सगळे वर्षभर पारावर बोलले गेलेले असते. ते बोलणे पाठीशी घेऊन ही माणसे राहुटीत बसतात आणि त्यावरून पैसे ठरतात. इथे मत हलके पडले तर पुढल्या यात्रेत गाव बोल लावते.

तमाशाकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. फडाने सिनेमाला घाबरून दार लावून घेतले नाही. सिनेमाची गाणी रंगमंचावर आणली. प्रेक्षक फर्माईश करतो, पसंतीला उतरले तर बक्षीस देतो, नाही उतरले तर गोंगाट करून कळवतो. एखादे नवे गाणे यात्रेत कसे उतरले यावरून ते गावात किती मुरले ते समजते. कार्ल्याच्या एकवीरेच्या डोंगराखाली चैत्र यात्रेत कोळी-आगरी भाविकांच्या ताफ्यांतून वाजणारी गाणी ऐका. कोणते जुने गाणे टिकले, कोणते नवे आले, कोणत्या गाण्यावर पालखीपुढचे पाय आपोआप हलतात, हे तिथे उघड दिसते. कोणीही प्रश्नावली न भरता शेकडो माणसे आपले मत तिथे नाचून नोंदवत असतात. अभ्यासकाने ते वाचायला शिकले पाहिजे.

रूपांतर म्हटले की आपल्यासमोर पडदाच येतो, पण मराठीत त्याचे एक फार सुंदर आणि कमी बोलले गेलेले रूप आहे. वीणा देव आणि विजय देव यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन वर्षानुवर्षे केले. समोर नेपथ्य नाही, वेषभूषा नाही. हातात संहिता आणि आवाज. गोनीदांची कन्या आणि जावई वाचत असत, श्रोत्यांत कादंबरी पाठ असलेले लोक बसलेले असत. तिथून उठताना होणारी चर्चा चित्रपटगृहाबाहेरच्या चर्चेहून निराळी असे. श्रोता म्हणे, हे वाक्य मी इतकी वर्षे चुकीच्या सुरात वाचत होतो. पडदा वाचकाच्या मनातले चित्र पुसून स्वतःचे लादतो ही तक्रार नेहमीची; आवाज ते चित्र वाचकाजवळच ठेवतो आणि फक्त उजळवतो. याच घरातल्या मृणाल देव-कुलकर्णी पुढे पडद्यावर आल्या. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वर गजानन जागीरदारांनी केलेल्या मालिकेत त्या रमाबाई झाल्या आणि रवींद्र मंकणी माधवराव. ज्या पिढीने ती मालिका दूरदर्शनवर पाहिली तिला ‘स्वामी’ पुन्हा वाचायला घेतली की हेच दोन चेहरे दिसतात. त्या आधीच्या दशकात ‘चिमणराव’ पाहिलेल्यांना चिं. वि. जोशींच्या पानांतून दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे बाहेर काढता येत नाहीत. मालिकेने कादंबरी बिघडवली की तिला मुक्काम दिला, हा वाद मराठी घरांत आजही रंगतो. माझे मत विचाराल तर त्या दोन मालिकांनी मुक्काम दिला. सगळ्यांविषयी तसे म्हणता येणार नाही.

लोणावळा-खंडाळ्याकडे वळले की चाहतेपणाचा रंग बदलतो. १९९८ मध्ये ‘गुलाम’ आला आणि त्यातल्या आमिर खानने गायलेल्या एका गाण्याने खंडाळ्याचे नाव देशभर पोहोचवले. ज्यांनी घाट कधी पाहिला नव्हता त्यांच्या मनातही एक खंडाळा तयार झाला. राजमाची पॉइंटवर, टायगर्स लीपवर, नागफणीच्या बाजूला उभे राहून फोटो काढणारा पर्यटक त्या मनातल्या खंडाळ्यात असतो. इथे राहणाऱ्या माणसाचा खंडाळा वेगळा : पाणीपुरवठ्याचा, वाहतूककोंडीचा, शाळेच्या बसचा. एकाच गावाच्या या दोन प्रतिमा एकमेकींना कशा भेटतात यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा.

जुन्या महामार्गावर वरसोलीला सुनील कंडल्लूर यांचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय आहे. त्याला अभ्यासाचा विषय कोण मानणार, असे कोणी म्हणेल. मी मानतो. तिथे एखाद्या पुतळ्यासमोर पाच मिनिटे उभे राहून आजूबाजूचे बोलणे ऐका. नाक बरोबर आहे, डोळे चुकले. हा त्याचा जुना चेहरा आहे. हसतो तसा नाही हसत. कुटुंबातली सहा-सात वर्षांची मुलगीही मत देते आणि आजीही देते. ही रूपांतराचीच समीक्षा झाली. जिवंत चेहरा मेणात उतरला की नाही हे ठरवण्यासाठी प्रत्येक जण पाहिलेले डझनभर चित्रपट आठवणीतून बाहेर काढतो. आणि या मताला वय, शिक्षण, भाषा यांचा अडसर नाही. या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी हा सराव करायला आवर्जून सांगेन.

याच लोणावळ्यात हिंदी ‘बिग बॉस’चे घर अनेक पर्वे उभे होते, आणि २०१८ मध्ये महेश मांजरेकरांच्या सूत्रसंचालनात मराठी ‘बिग बॉस’चे पहिले पर्वही इथल्याच घरात झाले. मेघा धाडे विजेत्या ठरल्या. प्रेक्षकाचे मत इथे थेट मतदान होते. कोण राहणार, कोण जाणार हे ते ठरवते. प्रेक्षकाला इतकी सत्ता क्वचितच मिळाली असेल. पण मोजणीत मताचा फक्त आकडा शिल्लक राहतो. एखाद्या बाईंनी रात्री स्वयंपाकघर आवरून एका स्पर्धकाला मत दिले ते तिच्या भांडणात त्यांना स्वतःच्या सासरचे काही दिसले म्हणून, की ती त्यांच्या जिल्ह्याची म्हणून, की तिने एकदा खरे बोलून दाखवले म्हणून? आकडा हे सांगत नाही. चाहत्याने ‘का’ हा शब्द उच्चारला की आपला अभ्यास सुरू होतो.

आता या क्षेत्रातली अवघड जागा. ज्याचा डोंगर त्याचे मत, हे मी आग्रहाने म्हटले. पण हा हक्क दटावणीकडेही झुकतो. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेला संजय लीला भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ डिसेंबर २०१५ मध्ये आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचवल्यावरून पुण्यात संताप उसळला आणि कोथरूडमधल्या चित्रपटगृहातले खेळ बंद पडले. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकरांनी केलेल्या ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले. त्यावर आक्षेप आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपट लागण्याआधीच ते दृश्य वगळण्यात आले. या दोन्ही वेळी बोलणाऱ्यांत खरोखर दुखावलेली माणसे होती. काशीबाईंविषयी, संभाजीराजांविषयी ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आदराने बोलले गेले त्यांना पडद्यावरचे दृश्य खुपले तर त्यात अप्रामाणिक काही नाही. तरीही चित्रपट पाहण्याआधीचे मत आणि पाहिल्यानंतरचे मत यांच्यातला फरक अभ्यासकाने कधीही पुसू नये. पहिल्यात भीती किंवा आशा असते, दुसऱ्यात अनुभव असतो. आणि स्वतःचे मत सांगणे वेगळे, दुसऱ्याला पाहू न देणे वेगळे. दुसऱ्याचे पाहणे बंद करणारा माणूस चर्चाच संपवतो, आणि चर्चा संपली की चाहत्यांचा समुदायही उरत नाही. मालकीचा सूर ऐकून घ्या, तो कुठून आला हे समजून घ्या, पण त्याला शेवटचा शब्द देऊ नका.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मत विचारले जाते ते नेहमी त्याच त्या लोकांना. पुण्यातला पुस्तके वाचणारा रसिक, मल्टिप्लेक्समधून बाहेर पडणारा तरुण, कॅमेऱ्यासमोर चटकन बोलणारा माणूस. लोणावळ्याच्या बंगल्यांत काम करणाऱ्या बाया दुसऱ्याच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर येता-जाता मालिका पाहतात. तुकड्यातुकड्यांत पाहिलेल्या त्या कथेचे मधले दुवे त्या स्वतः जुळवतात. हॉटेलांतली मुले रात्री एकच मोबाइल मध्ये ठेवून चौघे मिळून चित्रपट पाहतात. ठाकर आणि कातकरी पाड्यांवरच्या लोकांवर लेखकांनी लिहिले, दिग्दर्शकांनी चित्रपट काढले, पण कसा वाटला हे त्यांना जाऊन किती जणांनी विचारले? या अभ्यासाची खरी कसोटी इथे आहे. या माणसांची मते आली नाहीत तर आपण फक्त बोलक्यांचा इतिहास लिहू.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे. समोरच्याचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरवा. ‘न्हाई’चे ‘नाही’ करू नका. प्रमाण भाषेत आणताना मताची धार जाते. कोणी काय पाहिले याबरोबर कुठे आणि कोणासोबत पाहिले ते लिहा. सासूसोबत पाहिलेली मालिका आणि मैत्रिणीसोबत पाहिलेली मालिका या दोन वेगळ्या मालिका असतात. पहिल्या उत्तरावर थांबू नका. ‘मस्त होता’ हे उत्तर बहुधा पाहुण्याला दिलेला चहा असतो. खरे बोलणे त्यानंतर सुरू होते. कथा सांगायला सांगा, कारण कथा सांगताना माणूस काय गाळतो आणि काय वाढवतो यातच त्याचे मत असते. नावे छापू नका. लोकांनी विश्वासाने सांगितलेली आवड ही खासगी गोष्ट आहे. आणि जे नोंदवले ते त्या माणसाला वाचून दाखवा. “असं न्हवतं म्हणालो मी,” असे तो म्हणाला तर त्याची दुरुस्ती मूळ नोंदीशेजारी ठेवा.

स्वतः चाहता असणे हा या अभ्यासात दोष नाही. ज्याने कधी कोणत्या कथेसाठी रात्र जागवली नाही, ज्याला कोणत्याही नटाच्या नावाने आनंद झाला नाही, त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांतली ती चमक ओळखू येणार नाही. आपली आवड उघडपणे सांगून टाकावी आणि मग शांतपणे समोरच्याचे ऐकावे.

पवनेचे धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले आणि धोंडीच्या खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. ते खोरे पाण्याआधी पाहिलेली आणि त्यावरचा चित्रपटही पाहिलेली माणसे आज अगदी थोडी उरली असणार. १९६६ मध्ये पंधरा वर्षांचे असलेले प्रेक्षक आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. पडद्यावरचा मुलूख खऱ्या मुलखाला धरून होता का, हे स्वतःच्या आठवणीवरून सांगू शकणारे तेच शेवटचे साक्षीदार. काले, पवनानगर, तुंग, तिकोना पेठ या बाजूला ज्यांचे नातेवाईक, ओळखीचे आहेत त्यांनी याच वर्षी त्यांच्याकडे जावे, बसून ऐकावे आणि लिहून ठेवावे. पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला त्यांच्याशी बोलता येणार नाही.